विचारल्याशिवाय जोडू नये

आमच्या ऑफिसात काही बिघडलं की मला आधी माणसाचा संशय येतो, यंत्राचा नंतर. ही खोड चांगली नाही, असं बायकोने लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि हे तिला माझ्या आईनेच पढवलं असणार असा संशय मी तेव्हाही घेतला होता. थांबाताईंची गोष्ट सांगायची तर हे आधी कबूल केलेलं बरं. संशयी म्हणून ऑफिसात नाव त्यांचं होतं, पण त्यांचा संशय वस्तूंवर असायचा. माणसांचं खातं माझ्याकडे होतं.

टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. दोन खोल्या, सात माणसं, पुठ्ठ्याची घडी खुपसल्याशिवाय बंद न राहणारी एक खिडकी, आणि दिवसभर जिन्यातून वर येणारा रबराचा वास. आम्ही हॉस्पिटलांसाठी प्रोग्रॅम लिहितो. नर्सने पेशंटचं वजन आणि औषधाचं नाव टाकायचं, प्रोग्रॅमने किती मिलिलिटर द्यायचं ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. साहेबांनाही सोपंच वाटतं, म्हणून ते प्रत्येक हॉस्पिटलला चार दिवसांचा वायदा करून मोकळे होतात.

ताई आमच्याकडे आल्या तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. त्याआधी एका हॉस्पिटलच्या औषधांच्या कोठारात त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. काम असं की आम्ही लिहिलेलं सगळं तपासायचं आणि तपासून झालं की हॉस्पिटलांना पाठवायचं. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "झालंय, पाठवून द्या." त्या म्हणाल्या, "थांबा." दुसऱ्या दिवशी पुन्हा "थांबा." आठवडा संपायच्या आत मी त्यांचं बारसं करून टाकलं. त्यांना ते कळलं, पण राग आला नाही. एकदा माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, "पान चार चुकलंय, पुन्हा बघा", आणि खाली सही केली, "थां. ताई".

त्यांच्या संशयाच्या गोष्टी ऑफिसात चवीने सांगितल्या जायच्या. संध्याकाळी कुलूप तीनदा ओढायच्या, अर्धा जिना उतरून पुन्हा वर येऊन चौथ्यांदा ओढायच्या. फोनवर नाव दिसत असलं तरी "कोण बोलतंय?" विचारल्याशिवाय पुढचं बोलायच्या नाहीत. दाढी म्हणायचा, ताई आरशासमोर उभ्या राहिल्या तरी आधी ओळखपत्र मागत असतील. दाढी म्हणजे आमच्यातला दुसरा प्रोग्रॅमर, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

आता भांडणाचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या धंद्यात प्रत्येकाकडे प्रोग्रॅमची आपली आपली प्रत असते आणि एक मूळ प्रत सगळ्यांची मिळून असते. मी माझ्या प्रतीत बदल करतो, दाढी त्याच्या प्रतीत करतो, आणि मग दोघांचे बदल मूळ प्रतीत एकत्र आणावे लागतात. याला मर्ज म्हणतात. दोघांनी एकाच ओळीला हात घातला तर यंत्र आरडाओरडा करतं. ओळी वेगळ्या असतील तर गुमान जोडून देतं. ही सगळी व्यवस्था मी उभी केली होती आणि तिच्यावर मी स्वतः एक बटण बसवलं होतं. नाव ठेवलं होतं "घेदे". एकदा दाबलं की ते इतरांचे बदल घेणार, तुमच्यात जोडणार, तुमचे देऊन टाकणार. कुणाला काही विचारणार नाही. या बटणाचा मला मुलाच्या प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त अभिमान होता.

ताईंनी तीन वर्षांपूर्वी एका दुपारी विचारलं, "दोघांनी वेगवेगळं काही केलं असेल तर हे काय करतं?"

"जोडतं."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? ओळी वेगळ्या असतात, ताई. गुपचूप जोडून टाकतं."

"गुपचूप का?" त्या म्हणाल्या. "चांगलं काम गुपचूप कशाला करायचं?"

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की माणसाने काही सांगितलं नसेल तेव्हा यंत्राने स्वतःहून काय करावं, हे नीट ठरवायला हवं. आम्ही त्याला डिफॉल्ट म्हणतो. त्यांच्या मते दोन प्रती दोन वाटांनी गेल्या असतील तर यंत्राने काही न करता थांबावं आणि सांगावं की बाबा, इथे दोघांनी हात घातलाय. मग माणसाने दोन्ही बघावं आणि मनात असेल तर जोडावं. मी म्हणालो की असं दर वेळी थांबत बसलो तर दिवस मावळेल. त्या म्हणाल्या, "मावळू दे. उद्या उगवतो."

साहेबांनी हात वर करायला सांगितले. ताईंच्या बाजूला एक हात, त्यांचा स्वतःचा. साहेबांनी निकाल दिला, "ताईंच्या मशीनवर ताईंचा नियम, बाकी सगळीकडे घेदे." ताईंनी त्यांच्या स्क्रीनच्या कडेला एक चिठ्ठी डकवली, "विचारल्याशिवाय जोडू नये", आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

त्या नियमावर ताईंनी त्यांची पद्धत बेतली. सगळं तपासून झालं की त्या आपल्या प्रतीत एक ओळ लिहायच्या, "तपासलं", आणि खाली तारीख. मग पाठवण्याआधी शेवटचं एकदा मूळ प्रतीकडे बघायच्या. मधल्या वेळात कुणी काही घुसवलं असेल तर त्यांचं यंत्र तिथेच अडायचं. मग ताई ती ओळ पुसायच्या आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आम्ही बॅगा खांद्याला लावून उभे, आणि त्या पहिल्या पानापासून सुरू. त्या वेळी मी मनात काय काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा त्यांचा जुना लॅपटॉप बंद पडला. साहेबांनी नवा आणला, तो मीच लावून दिला.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, एका हॉस्पिटलमधून मुलांच्या वॉर्डातल्या नर्सचा फोन आला. फोन मी घेतला. बाई शांत होती, आणि शांत माणूस फोनवर असला की मी सावध होतो.

"तुमचा प्रोग्रॅम मला नऊ किलोच्या मुलाचा डोस सांगतोय," ती म्हणाली. "मूल सात वर्षांचं आहे. माझ्यासमोर बसून खुर्चीला लाथा मारतंय. हे नऊ किलो कुठून आलं?"

तिने स्वतः कागदावर गणित केलं होतं म्हणून ते मूल वाचलं. पण शनिवारी आणि रविवारी दोन मुलांना अर्ध्याहून कमी औषध गेलं होतं, आणि त्यातल्या एकाचा ताप अजून उतरत नव्हता. फोन ठेवला आणि प्रोग्रॅम उघडून बसलो.

काय झालं ते तासाभरात कळलं. त्या हॉस्पिटलातले वजनकाटे जुने, पौंडात वजन दाखवणारे. पौंडाचे किलो करून द्या, अशी त्यांची मागणी होती. ती साहेबांनी फोनवर दाढीला सांगितली, आणि त्यांच्या औषधविभागाने ईमेलवर मला कळवली. दाढीने जिथे वजन टाकतात तिथे पौंडाचे किलो केले. मी जिथे डोस काढतात तिथे पौंडाचे किलो केले. त्याने मला सांगितलं नाही, मी त्याला सांगितलं नाही. दोघांचंही काम बरोबर होतं. दोन्ही एकत्र आलं आणि चव्वेचाळीस पौंडाच्या पोराचे आधी वीस किलो झाले, मग वीसचे नऊ झाले. ओळी वेगळ्या, पानंही वेगळी, त्यामुळे यंत्राने हूं की चूं केलं नाही.

हॉस्पिटलने कळवलं की गुरुवारपर्यंत लेखी द्या, चूक कुणाची, आणि तो माणूस यापुढे आमच्या कामावर नको. साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. "हे जोडलं कुणी, तेवढं शोधून काढ," ते म्हणाले.

शोधायला पाच मिनिटं लागली. प्रत्येक जोडणीवर, ती कुणाच्या यंत्रावर झाली, त्याचं नाव आणि वेळ उमटते. शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून एकेचाळीस मिनिटं. नाव ताईंचं.

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. आठ वर्षं ज्या बाईने माझं पान न पान उलटं करून पाहिलं, तिचं नाव तिथे होतं. मग माझं डोकं चालायला लागलं आणि ते नेहमी ज्या दिशेला चालतं तिकडेच गेलं. ताईंचं यंत्र तर थांबणारं. ते थांबलं असणार. म्हणजे थांबलेलं बघूनही त्यांनी हाताने जोडलं. का? घाई होती म्हणून? ताईंना आणि घाई? की तीन वर्षांपूर्वी एका हाताने हरलेलं भांडण आता असं जिंकायचं होतं, की बघा, मी सांगत होते? हा विचार मी नुसता केला नाही, साहेबांना बोलूनही दाखवला.

साहेब म्हणाले, "ताई असं करतील?"

"सगळ्यांवर संशय घेणारा माणूस स्वतः साफ असतोच असं नाही, साहेब. खाई त्याला खवखवे."

हे मी म्हणालो. शब्द न शब्द आठवतो.

ताईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकून घेतलं. "मी जोडलं नाही," त्या म्हणाल्या. "मी साडेचारला तपासून संपवलं. तुमचं त्यात होतं, दाढींचं नव्हतंच. निघताना शेवटचं बघितलं, तर कुठे अडलं नाही. अडलं नाही म्हणजे नवं काही आलेलं नाही, म्हणून पाठवलं."

"दाढीचं पाचला आलं होतं," मी म्हणालो. "नाव तुमचं आहे."

"नाव माझं असेल. मी जोडलं नाही."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मला वाटलं. साहेबांनी त्यांना गुरुवारपर्यंत घरी बसायला सांगितलं. हॉस्पिटलला द्यायचं पत्र तयार करून ठेव, असंही ते मला म्हणाले, फक्त नावाची जागा कोरी ठेव. ताई चौपन्न वर्षांच्या. यजमान आजारी, घरात पगार एकच. या वयाच्या बाईला, पोरांना चुकीचं औषध पाठवलं असा शिक्का घेऊन, दुसरीकडे कोण दारात उभं करणार? हे सगळं मला माहीत होतं, आणि मी पत्र टाइप केलं.

जाताना ताईंनी खिडकीतला पुठ्ठा नीट खोचला, कुलूप त्यांना लावायचं नव्हतं म्हणून त्या दाराशी जरा घुटमळल्या, आणि जिना उतरून गेल्या.

मंगळवारी मी दाढीवर पाळत ठेवली. मी जवळ गेलो की तो स्क्रीन खाली करायचा. मला वाटलं, सापडला, ताई आणि हा मिळालेले आहेत. शेवटी त्याच्या मागे जाऊन उभाच राहिलो, तर तो त्या तापातल्या मुलाच्या वॉर्डाला ईमेल लिहीत होता, मुलगा कसा आहे म्हणून. दोन दिवसांतला चौथा. "उत्तर देत नाहीत," तो म्हणाला. मला लाज वाटली, पण संशय गेला नाही. तो फक्त पूर्ण ताईंकडे सरकला.

बुधवारी त्यांचा लॅपटॉप आणायला मी त्यांच्या घरी गेलो. चौथा मजला, दाराला तीन कड्या. येतोय असा फोन केला होता, तरी दाराच्या भोकाला आतून डोळा लावून त्यांनी विचारलं, "कोण?"

"मी, ताई."

"मी कोण?"

नाव सांगितलं तेव्हा एकेक कडी निघाली.

घर लहान आणि लख्ख. खिडकीशी खुर्चीत काका, म्हणजे ताईंचे यजमान. उजवा हात लुळा, जीभ मात्र शाबूत. ताई लॅपटॉप टेबलावर ठेवून चहा टाकायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "बघा सगळं नीट. तुम्ही बघताय म्हणून बरं. दुसरं कुणी असतं तर मी शेजारी बसून राहिले असते."

मी त्याचा काही अर्थ लावला नाही. माझं लक्ष टेबलावरच्या डब्याकडे गेलं होतं. औषधांचा डबा, आणि त्याच्या कडेला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा. डब्यावर डावीकडे पेनाने "दिली" लिहिलेलं, उजवीकडे "द्यायची".

"काय बघताय? घरातलं सरकार आहे ते," काका म्हणाले. "गोळी दिली की चिमटा डावीकडे. मुलगी आली, हिची बहीण आली, कुणीही आलं तरी आधी चिमटा बघायचा. आणि चिमटा मध्येच कुठेतरी असला तर गोळी द्यायची नाही. आधी विचारायचं."

"आणि विचारायला घरात कुणी नसलं तर?"

"तर थांबायचं. राहिलेली गोळी तासाने देता येते. दोनदा दिलेली पोटातून काढता येत नाही." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "ही बारा वर्षांची होती. हिच्या आईला हृदयाचं औषध चालू होतं. वडिलांनी कामाला जाताना दिलं. भाऊ शाळेतून आला, त्याला वाटलं राहिलं असेल, त्याने पुन्हा दिलं. दोघांनी काळजीपोटीच दिलं हो. आई वाचली, पण पुढे कधी कुणाचा हात धरल्याशिवाय जिना उतरली नाही. आणि दोघं बापलेक मरेपर्यंत एकमेकांकडे बघत राहिले, की तुझी चूक. चूक कुणाचीच नव्हती. मध्ये थांबवणारं काही नव्हतं, एवढंच."

मी लॅपटॉप उघडला. माझी खात्री होती की सेटिंग थांबण्याचंच असणार आणि ताईंनी ते हाताने ओलांडलेलं दिसणार. सेटिंगची फाइल उघडली.

तिथे लिहिलं होतं, जोडा, विचारू नका.

फाइलची तारीख बघितली. लॅपटॉप लावला त्या दिवसाची. त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता. माझंच घेदे, जसंच्या तसं, मी माझ्या यंत्रावरून उचलून तिथे टाकलेलं. दोन दिवस सगळ्या ऑफिसवर टेहळणी करत फिरलो, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि मला तो दिवस आठवला. ताई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "माझं ते थांबायचं सेटिंग केलंत ना?" त्यांनी विचारलं होतं. मला जेवायला जायचं होतं. "झालंय, ताई. तुम्ही म्हणता तसंच केलंय." "नक्की?" "अहो, नक्की." खोटं बोलतोय असंही तेव्हा वाटलं नव्हतं. जेवून आलो की करू, असं मनात होतं. जेवून आलो आणि विसरलो.

म्हणजे शुक्रवारी ताईंनी शेवटचं बघितलं तेव्हा यंत्राने अडायला हवं होतं. ते अडलं नाही. त्याने दाढीचं मुकाट्याने आत घेतलं, ताईंच्या "तपासलं" या ओळीच्या बाजूला बसवलं, वर ताईंचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

एक शब्द बदलायचा होता. "जोडा"च्या जागी "थांबा". फाइलची तारीख मागे कशी न्यायची तेही मला येतं, ते माझं कामच आहे. मग कुणालाही दिसलं असतं की यंत्र थांबणारं होतं आणि बाईने स्वतःच्या हाताने जोडलं. बोटं कीबोर्डवर होती. आतून कपबशांचा आवाज येत होता. काका माझ्याकडे बघत होते, किंवा मला तसं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं.

ताई चहा घेऊन आल्या. "सापडलं का काही?"

"नाही अजून," मी म्हणालो आणि झाकण लावलं. चहा गरम होता, तो तसाच घशाखाली ओतला. लॅपटॉप बगलेत मारून निघालो. मागे तीन कड्या लागल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन.

दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो तेव्हा त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. दुसरं कुणी असतं तर शेजारी बसून राहिले असते. ही बाई दुधाचा वास घेतल्याशिवाय चहात घालत नाही. स्वतः लावलेलं कुलूप चारदा ओढते. नवा लॅपटॉप मिळाला तेव्हा ते सेटिंग उघडून बघायला तिला अर्धं मिनिट लागलं असतं. ते तिने बघितलं नव्हतं. सगळ्या जगात तेवढी एक गोष्ट तिने तपासली नव्हती, आणि ती माझी होती. जिन्यात मी उभाच राहिलो. मला रडू आलं, आणि स्वतःचा इतका संताप आला की बगलेतला लॅपटॉप खाली फेकावासा वाटला.

पुन्हा वर गेलो. बेल वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"ताई, सेटिंग मीच चुकीचं लावलं होतं," मी बंद दाराशीच बोललो. दार उघडेपर्यंत थांबलो असतो तर धीर गेला असता. "ते थांबायला मी सांगितलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नुसता हो म्हणालो. नाव तुमचं आलं, पण जोडणी माझ्या बटणाने केली. आणि आत्ता आत बसून ते बदलून टाकायचं माझ्या मनात आलं होतं."

मग कड्या निघाल्या. ताई दारात उभ्या होत्या, हातात ओलं फडकं.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिसऱ्यांदा विचारणार होते. तुम्हाला राग येईल म्हणून नाही विचारलं." त्या फडक्याकडे बघत होत्या. "आठ वर्षं तुमचं काम तपासतेय. चुका असतात, पण खोटं कधी सापडलं नाही. म्हणून म्हटलं, यांनी नक्की म्हटलंय तर एवढं असू दे."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी पत्रात कोऱ्या जागेवर माझं नाव गेलं. साहेब जे बोलले ते मी ऐकून घेतलं, आणि खवखव कुणाच्या घशात होती तेही त्यांना सांगितलं. मूळ प्रतीच्या किल्ल्या माझ्याकडून काढून ताईंकडे दिल्या गेल्या, आणि त्या हॉस्पिटलचं काम आता दाढी बघतो. तिथलं तापाचं पोर शनिवारी घरी गेलं, हेही त्यानेच येऊन सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. घेदे मी स्वतः पुसून टाकलं. आता सातही यंत्रांवर एकच डिफॉल्ट आहे. दोन वाटा दिसल्या की यंत्र थांबतं, मग ज्याने त्याने उठून दुसऱ्याच्या टेबलाशी जायचं आणि विचारायचं, तू काय केलंस रे? दिवसातून दोन-तीनदा उठावं लागतं. त्या उठण्यात दाढी आणि मी जितकं बोललोय तितकं आधीच्या नऊ वर्षांत बोललो नव्हतो.

ताई सोमवारी कामावर आल्या. खिडकीतला पुठ्ठा बघितला, खुर्ची पुसली. त्यांच्या लॅपटॉपवर ते सेटिंग मीच करून द्यावं, असं मी म्हणालो, निदान तेवढं तरी माझ्या हातून नीट होऊ दे. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी फाइल उघडली, शब्द बदलला, जतन केलं, बंद करून पुन्हा उघडून बघितलं. मग त्यांच्याकडे सरकवला.

"झालं, ताई," मी म्हणालो. "नक्की."

"थांबा," त्या म्हणाल्या. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि त्यांनी ती फाइल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.